वाचकांचे प्रश्न : हार्मोन कमी, रक्त मात्र जास्त

तांबड्या पेशींच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे नाव पूर्वी डायलिसिसच्या विभागाबाहेर फारसे ऐकू येत नसे. आता ते प्रयोगशाळेच्या अहवालात छापून येते, शेजारी संदर्भमर्यादा असते, आणि आकडा त्या मर्यादेबाहेर दिसला की घरात काळजी सुरू होते. या तपासणीविषयी आणि लोक जिला सरसकट 'रक्तवाढीचे इंजेक्शन' म्हणतात त्या औषधाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : माझे वय 54 आहे. नेहमीच्या तपासणीत हिमोग्लोबिन 18.9 आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) 57 टक्के आले. मी विडी-सिगारेट ओढत नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावरून एरिथ्रोपोएटिनची तपासणी केली. ते 1.6 आले असून अहवालावर 'कमी' असे ठळक छापले आहे. माझ्या मेहुण्यांना किडनीच्या आजारात हेच हार्मोन कमी म्हणून इंजेक्शन देत असत. मलाही ते घ्यावे लागेल का? आणखी एक गोष्ट, तिचा संबंध आहे की नाही ठाऊक नाही : गेले वर्षभर गरम पाण्याने आंघोळ केली की अर्धा-पाऊण तास अंगाला खाज सुटते. साबण तीनदा बदलून झाला.
एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. हे इंजेक्शन आपण घेऊ नये, आणि कोणी आग्रहाने देऊ केले तरी नकार द्यावा. मेहुण्यांच्या आणि आपल्या अहवालात हार्मोन कमीच दिसले असले, तरी त्या दोन आकड्यांचे अर्थ अगदी उलट आहेत. ते समजण्यासाठी हे संप्रेरक कोठे आणि कशासाठी तयार होते ते थोडे पाहावे लागेल.

मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात, सूक्ष्म नलिकांच्या मधल्या जागेत, काही विशिष्ट पेशी असतात. त्यांना रक्तातून मिळणारा प्राणवायू कमी पडू लागला की त्या एरिथ्रोपोएटिन तयार करतात. प्रौढ माणसात बहुतेक सारे उत्पादन येथलेच, थोडेसे यकृतातले. प्राणवायू घटल्याचे पेशीला कसे कळते, हे कोडे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत 'एचआयएफ' नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते आणि प्राणवायू पुरेसा असेतोवर काही मिनिटांतच ते नष्टही केले जाते. प्राणवायू घटला की हे नष्ट करणे थांबते, एचआयएफ साचते आणि एरिथ्रोपोएटिनचे जनुक चालू होते. मग हे संप्रेरक रक्तावाटे अस्थिमज्जेत पोहोचते. तेथे ते नव्या पेशी 'घडवते' असे आम्ही डॉक्टरही सैलपणे म्हणतो, पण प्रत्यक्षात ते अर्धवट वाढलेल्या आणि एरवी मरून गेल्या असत्या अशा पूर्वपेशींना जगवते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असल्याने दर सेकंदाला वीस लाखांच्या वर नव्या पेशी रक्तात याव्या लागतात. ही आवक किती ठेवायची ते हे संप्रेरक ठरवते. हिमोग्लोबिन पुरेसे झाले की मूत्रपिंड हात आखडता घेते.

आपले हिमोग्लोबिन 18.9 आहे. अशा वेळी आपल्या मूत्रपिंडाने हात आखडता घेतला असेल, तर त्याने त्याचे काम चोख केले आहे. मेहुण्यांच्या बाबतीत हिमोग्लोबिन खाली असूनही संप्रेरक वाढत नव्हते, म्हणजे ते तयार करणाऱ्या पेशीच निकामी होत चालल्या होत्या. म्हणून माझा नेहमीचा आग्रह असा की एरिथ्रोपोएटिनचा आकडा एकट्याने वाचूच नये. त्याच दिवशीचे हिमोग्लोबिन शेजारी ठेवल्याशिवाय त्याला अर्थ नसतो, आणि अहवालावरची 4 ते 26 किंवा तत्सम मर्यादा ही हिमोग्लोबिन ठीक असलेल्या माणसांची असते, हे छापील कागद सांगत नाही.

आपल्या बाबतीत खरा प्रश्न असा की मूत्रपिंड गप्प असताना मज्जेला एवढ्या पेशी करायला सांगते कोण? याचे सर्वांत संभाव्य उत्तर 'पॉलिसायथेमिया व्हेरा', म्हणजे मज्जा आपणहूनच जास्त पेशी तयार करू लागते तो आजार, हे आहे. संप्रेरक पूर्वपेशीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटले की आतला 'जॅक-2' हा विकर (एन्झाइम) निरोप पुढे पोहोचवतो. या विकराच्या जनुकात एका ठरावीक जागी बदल झाला की निरोप नसतानाही तो पोहोचवला जाऊ लागतो. हा बदल 2005 मध्ये सापडला आणि या आजाराच्या सुमारे 95 टक्के रुग्णांत तो असतो. तो जन्मजात नसतो, पुढे कधीतरी मज्जेतल्या एका मूळपेशीत होतो. त्यामुळे मुलांना तो जाईल ही भीती बाळगू नये. याउलट धूम्रपान, फुप्फुसाचा जुनाट विकार, झोपेत श्वास अडकणे किंवा लेहसारख्या उंचीवरचे दीर्घ वास्तव्य यांमुळे रक्त दाट होते, तेव्हा एरिथ्रोपोएटिन वाढलेले किंवा निदान मर्यादेत असते. मूत्रपिंडाच्या व यकृताच्या काही गाठीही स्वतःच हे संप्रेरक सोडतात. आपला 1.6 हा आकडा या सगळ्या शक्यता मागे सारतो. आपल्या डॉक्टरांनी तपासणी विचारपूर्वक सांगितली आहे, आणि पुढची तपासणी जॅक-2 ची असेल.

आपण जाता जाता लिहिलेली खाजेची गोष्ट मला पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटली. अंगावर पुरळ नसताना पाण्याच्या, विशेषतः गरम पाण्याच्या, स्पर्शानंतर सुटणारी खाज या आजारात वारंवार आढळते, आणि अनेक रुग्ण निदानापूर्वी वर्ष-दोन वर्षे साबण आणि त्वचेची मलमे बदलण्यात घालवतात. आपला चौथा साबण वाचवावा.

निदान पक्के झाल्यास उपचार ऐकायला साधा आहे. ठरावीक अंतराने शिरेतून रक्त काढून हिमॅटोक्रिट 45 टक्क्यांच्या खाली ठेवतात, कारण दाट रक्तात गुठळी होऊन पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. इटलीत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मर्यादा पाळलेल्या रुग्णांना असे प्रसंग स्पष्टपणे कमी आले. सोबत कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. वय साठच्या पुढे असेल किंवा पूर्वी गुठळी झाली असेल तर मज्जेचा वेग कमी करणारे हायड्रॉक्सीयुरियासारखे औषध लागते. वारंवार रक्त काढल्याने शरीरातले लोह कमी होईल आणि एखादा अहवाल 'लोहाची कमतरता' असे म्हणेल. तेव्हा परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, कारण लोह मिळाले की मज्जा पुन्हा जोमाने पेशी तयार करू लागेल.

जॅक-2 निर्दोष निघाल्यास दुर्मीळ आनुवंशिक कारणे शोधावी लागतात. त्यांतले एक गाजलेले उदाहरण म्हणजे 1964 च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवणारे फिनलंडचे स्कीपटू एरो मँटिरांता. त्यांच्या रक्तावरून त्यांच्याविषयी बरीच कुजबुज झाली. पुढे कळले की त्यांच्या कुटुंबात एरिथ्रोपोएटिनचा ग्राहकच जन्मतः आखूड असून त्याचा निरोप थांबवणारा भाग गळालेला होता.

प्रश्न : माझ्या यजमानांचे (वय 49, मधुमेह) आठवड्यातून दोनदा डायलिसिस होते. सहा महिने 4000 युनिटचे रक्तवाढीचे इंजेक्शन आठवड्यातून दोनदा घेऊनही हिमोग्लोबिन 8.2 च्या पुढे सरकत नाही. फेरिटिन 420 असल्याने लोह भरपूर आहे असे सांगण्यात आले. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 14 टक्के आहे. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेने केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी) नीट न झाल्याने मानेतल्या नळीतूनच डायलिसिस चालू आहे. डोस दुप्पट करून हिमोग्लोबिन एकदाचे 14 वर का नेत नाहीत? इंजेक्शने आम्ही तालुक्याहून महिन्याची एकदम आणतो.
एक वाचिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण सर्व आकडे व्यवस्थित कळवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हिमोग्लोबिन 14 वर नेण्याचा प्रयत्न पूर्वी मोठ्या अभ्यासांत करून पाहिलेला आहे आणि तो रुग्णांना महागात पडला. अमेरिकेत हृदयविकार असलेल्या डायलिसिसच्या 1233 रुग्णांवरचा अभ्यास, ज्यात अर्ध्यांचे हिमॅटोक्रिट निरोगी माणसाइतके म्हणजे 42 टक्के ठेवायचे होते, तो त्या गटात मृत्यू आणि झटके अधिक दिसू लागल्याने मध्येच थांबवावा लागला. 1998 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मधुमेह आणि किडनीविकार असलेल्या, पण डायलिसिस सुरू न झालेल्या 4038 रुग्णांवरचा दुसरा अभ्यास 2009 चा. त्यात हिमोग्लोबिन 13 पर्यंत नेण्याचा प्रयत्न केलेल्या गटात 101 जणांना पक्षाघात झाला, तर दुसऱ्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 53 जणांना. म्हणून आज साधारणपणे 10 ते 11.5 एवढ्यावर समाधान मानतात. यजमानांचे ध्येय 14 नव्हे, साडेदहा-अकरा आहे.

पण 8.2 हेही कमीच आहे, आणि डोस दुप्पट करण्याआधी आहे तो डोस का लागू पडत नाही ते शोधायला हवे. माझ्या मते लोह भरपूर आहे हे अनुमान बरोबर नाही. फेरिटिन हा साठ्याचा आकडा आहे खरा, पण शरीरात कोठेही जंतुसंसर्ग किंवा दाह असला की लोहाचा संबंध नसतानाही तो वाढतो. सॅच्युरेशन 14 टक्के म्हणजे मज्जेपर्यंत पोहोचणारे लोह अपुरे आहे. धान्य गोदामात आहे आणि गोदामाला कुलूप आहे, अशी ही अवस्था. कुलूप लावणाऱ्या संप्रेरकाचे नाव हेप्सिडिन, आणि दाह असला की ते वाढते. एरिथ्रोपोएटिनने कितीही पूर्वपेशी जगवल्या तरी त्यांत भरायला लोह नसेल तर हिमोग्लोबिन बनणार कशातून? सॅच्युरेशन 30 टक्क्यांच्या आत आणि फेरिटिन 500 च्या आत असेल तर शिरेतून लोह देऊन पाहावे, असे किडनीविकारातल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. ब्रिटनमध्ये डायलिसिसच्या 2141 रुग्णांवर झालेल्या 2019 च्या अभ्यासात, शिरेतून सढळपणे लोह दिलेल्या गटाला हे इंजेक्शन कमी लागले आणि हृदयाचे प्रसंगही कमी आले. मात्र जंतुसंसर्ग चालू असताना लोह देत नाहीत, हा क्रम पाळावा लागतो.

येथेच मानेतल्या नळीचा प्रश्न येतो. महिनोन्महिने राहिलेली नळी ही दाहाची एक नेहमीची जागा असते, आणि ताप नसला तरी ती निर्दोष आहे असे समजू नये. डायलिसिस चालू असताना त्यांना थंडी वाजून येते का, हे आठवून डॉक्टरांना सांगावे, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) करण्याविषयी विचारावे, आणि फिस्टुलाचा दुसरा प्रयत्न लांबणीवर टाकू नये. आठवड्यातून दोनच डायलिसिस होत असल्याने रक्तशुद्धी अपुरी पडते का, पॅराथायरॉइडचे संप्रेरक फार वाढले आहे का, शौचावाटे रक्त जाते का, हेही पाहावे लागते.

राहिला आपण सहज लिहिलेला एक मुद्दा, महिन्याची इंजेक्शने एकदम आणण्याचा. हे औषध प्रथिन आहे. ते 2 ते 8 अंश तापमानातच टिकते आणि गोठले तर वाया जाते. माझ्याकडे एक गृहस्थ एसटीने तीन तासांचा प्रवास करून इंजेक्शने नेत असत. मोठ्या काळजीने ती थर्मासमध्ये बर्फाच्या खड्यांत खोचून, घरी गेल्यावर फ्रीजमध्ये सर्वांत वर, बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवत. पाच महिने डोस वाढत राहिला आणि हिमोग्लोबिन तसेच. इंजेक्शन कसे नेता, हे आम्हीच विचारले नव्हते. सिरिंज खोक्यातच राहू द्यावी, बर्फ आणि खोके यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवावी, घरी ती फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवावी, दारात नको, आणि टोचण्यापूर्वी हलवू नये. दर वेळी टोचण्याआधी रक्तदाब मोजावा, कारण हे औषध तो वाढवते. एचआयएफ टिकवून शरीरालाच एरिथ्रोपोएटिन तयार करायला लावणाऱ्या गोळ्याही आता मिळतात. त्यांपैकी भारतात विकसित झालेल्या डेसिडुस्टॅटला 2022 मध्ये येथे मान्यता मिळाली. पण लोहाची आणि नळीची अडचण तशीच ठेवून गोळीकडे वळण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीला थॅलेसिमिया मेजर आहे आणि दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. हे इंजेक्शन दिल्यास रक्त देणे बंद होईल, असे एका नातेवाइकांनी सुचवले.
एक आई, नागपूर

उत्तर : नातेवाइकांचा हेतू चांगला आहे, पण मुलीच्या शरीरात हे संप्रेरक आधीच गरजेपेक्षा जास्त असते. थॅलेसिमियात मज्जा आळशी नसते. ती अतोनात राबते, पण तयार होणाऱ्या बहुतेक पेशी सदोष असल्याने मज्जेतच मरतात. हिमोग्लोबिन घटले की मूत्रपिंड आणखी एरिथ्रोपोएटिन सोडते, मज्जा आणखी पसरते, गालांची आणि कपाळाची हाडे रुंदावतात, प्लीहा वाढते. शिवाय 2014 मध्ये सापडलेले एरिथ्रोफेरॉन नावाचे संप्रेरक या राबणाऱ्या पूर्वपेशी सोडतात. ते हेप्सिडिन दाबते, आणि त्यामुळे आतड्यातून नको तेवढे लोह शोषले जाते. नियमित रक्त देण्याचा एक हेतू अशक्तपणा घालवणे हा असतो, आणि दुसरा, ज्याविषयी पालकांना क्वचितच सांगितले जाते, तो म्हणजे एरिथ्रोपोएटिनचा हा रेटा खाली आणणे. म्हणूनच रक्त देण्याआधीचे हिमोग्लोबिन 9.5 ते 10.5 च्या दरम्यान राहावे असा आग्रह असतो. मूल हसते-खेळते दिसते म्हणून पुढची तारीख आठवडाभर ढकलू नये. लोह काढणारे औषध आणि फेरिटिनवरची नजर ही दुसरी बाजू आपल्याला ठाऊक असेलच. मूळपेशी प्रत्यारोपणासाठी भावंडांची एचएलए तपासणी (पेशी जुळतात का हे पाहणारी) झाली नसेल तर ती या वयातच करून घ्यावी.

संप्रेरक भरपूर आणि पेशी नाहीत, ही स्थिती ॲप्लास्टिक ॲनिमियातही असते. तेथे मज्जाच ओस पडलेली असते आणि मूत्रपिंडाच्या हाकेला ओ देणारे कोणी उरलेले नसते. या औषधाचा जन्मच मुळी त्या रुग्णांमुळे झाला. त्यांच्या लघवीतून एरिथ्रोपोएटिन मोठ्या प्रमाणात बाहेर पडते, हे हेरून ताकाजी मियाके यांनी जपानमधील कुमामोतो येथे अशा रुग्णांची तब्बल 2550 लिटर लघवी जमवली आणि तिचा सुकवलेला अर्क घेऊन ते शिकागोला यूजीन गोल्डवॉसर यांच्याकडे गेले. 1977 मध्ये त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध संप्रेरक हाती आले. त्यावरून पुढे जनुक सापडले आणि 1989 मध्ये औषध बाजारात आले. ज्यांच्यामुळे ते मिळाले त्यांना त्याचा उपयोग नव्हता, ही गोष्ट मला शिकवताना दर वेळी टोचते.

प्रश्न : वडिलांना (वय 73) मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम (मज्जेत रक्तपेशी नीट तयार न होण्याचा आजार) आहे. किडनी उत्तम आहे. तरीही डॉक्टर आठवड्याला 40,000 युनिट एरिथ्रोपोएटिन देणार आहेत, त्याआधी त्याची रक्तातली पातळी तपासायची आहे. ती 86 आली, म्हणजे जास्तच. मग बाहेरून देण्याचे कारण काय?
एक वाचक, पुणे

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. 86 हा आकडा निरोगी माणसाच्या मानाने जास्त आहे, पण वडिलांचे हिमोग्लोबिन आठ-नऊच्या आसपास असेल तर त्या मानाने तो माफकच म्हणावा लागेल. एवढ्या पंडुरोगात पातळी कित्येक शेकड्यांतही जाऊ शकते. या आजारात मज्जेतल्या पूर्वपेशी संप्रेरकाला दाद देतात, पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी मोठ्याने बोलावे लागते तशी मात्रा मोठी लागते. म्हणून डायलिसिसच्या कितीतरी पट डोस. पातळी 200 च्या आत असेल आणि रक्त फारसे चढवावे लागत नसेल, तर इंजेक्शनाला प्रतिसाद मिळण्याची शक्यता चांगली असते. 500 च्या वर गेल्यास ती इतकी घटते की सहसा ते देतच नाहीत, कारण शरीर स्वतःच ओरडून थकलेले असते. वडील योग्य बाजूला आहेत. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे द्यावेत, तेवढ्यात काहीच फरक न पडल्यास औषध रेटत राहू नये. हिमोग्लोबिन 12 कडे सरकू लागले की डोस कमी करावा लागतो, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासणे टाळू नये. या उपायाचा उपयोग न झाल्यास, विशेषतः मज्जेच्या तपासणीत आत लोहाचे कडे असलेल्या पूर्वपेशी दिसल्या असल्यास, लस्पॅटरसेप्ट हे वेगळ्या मार्गाने काम करणारे इंजेक्शन आहे. ते महाग आहे, त्यामुळे त्याचा विषय आधीच काढून ठेवावा.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन 8.1 आणि फेरिटिन 6 आहे. बीट आणि डाळिंबाच्या रसाने हे हार्मोन वाढते का, की इंजेक्शन घ्यावे?
एक वाचिका, चिपळूण

उत्तर : दोन्ही नको. आपले हार्मोन वाढलेलेच असणार, फेरिटिन 6 म्हणजे कमतरता लोहाची आहे, आणि बीटचा लाल रंग लोहाचा नसतो. रस आवडत असल्यास खुशाल प्यावा, पण डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, तिच्या आगेमागे दोन तास चहा टाळावा, आणि हिमोग्लोबिन 12 झाल्यावरही साठा भरण्यासाठी ती आणखी तीन महिने चालू ठेवावी. पाळीत किती दिवस आणि किती रक्त जाते याविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. ते जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना या आठवड्यातच दाखवावे.